सुट्टीवर जाणारा शब्द

इस्पितळाच्या मुख्य जिन्याखाली एक खोली होती. खोली कसली, जिन्याच्या पोटात उरलेली जागा. आत शिरताना मान तुकवावी लागे आणि उठताना विसरलात तर कपाळाला टेंगूळ ठरलेलं. ऑपरेटरबाई या खोलीत तेवीस वर्षं बसत होत्या. समोर फोनचा बोर्ड, डोक्यावर हेडफोन, उजव्या हाताशी एक लांबडी वही. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी बाईंच्या कानात पडे आणि मग त्या तो हव्या त्या विभागाला जोडून देत. इस्पितळात सातशे माणसं कामाला. त्यांतल्या निम्म्यांनी बाईंचा चेहरा कधी पाहिला नव्हता, पण आवाज सगळ्यांच्या ओळखीचा.

वहीचं असं झालं होतं. बाईंना नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले असताना एका दुपारी एका बाईचा फोन आला. "अहो, आमच्या ह्यांचं तोंड वाकडं झालंय. बोलतायत ते काही कळत नाही." बाईंनी 'तोंड' ऐकलं आणि फोन दातांच्या विभागाला जोडून दिला. दातांच्या विभागाने उद्या सकाळी या म्हणून सांगितलं. तो गृहस्थ वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला. पुढे दोन वर्षं तो व्यायामासाठी इस्पितळात येई. येता-जाता खिडकीशी थांबून बाईंची विचारपूस करी. बाई नुसती मान हलवून बोर्डाकडे वळत. शेवटी एक दिवस त्यांनी हिय्या करून सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "तुम्हाला कुणी शिकवलं होतं का, असं असलं तर तसं म्हणून?"

कुणी शिकवलं नव्हतं. मग बाईंनी आपली आपणच शाळा काढली. वहीच्या डाव्या पानावर फोनवरचा माणूस काय म्हणाला ते, त्याच्याच शब्दांत. उजव्या पानावर, पुढे काय निघालं ते. हे उजवं पान भरायला त्या जेवणाच्या सुट्टीत वॉर्डावॉर्डांतून फिरत आणि सिस्टरांचं डोकं खात. "काल साडेअकराला आलेले, पोटात गोळा फिरतोय म्हणणारे, त्यांना काय निघालं हो?" सिस्टर आधी वैतागायच्या, मग सवय झाली. तेवीस वर्षांत अकरा वह्या भरल्या. कुणी मागितल्या नाहीत, कुणी वाचल्या नाहीत. बाईंनीही कधी मिरवल्या नाहीत. फोन मात्र पुन्हा कधी चुकीच्या विभागात गेला नाही.

त्या वर्षी बाईंची भाची इस्पितळात लागली. ही थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणापासून एका जागी टिकायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत, आणि पंचविसाव्या वर्षीही ते नाव तिला चिकटलेलंच होतं. इस्पितळाची वेबसाइट सांभाळायला तिला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं होतं. राहायला मावशीकडेच. पण इस्पितळात मावशी-भाचीचं नातं कुणाला सांगायचं नाही, असं दोघींचं ठरलेलं. वशिल्याचं तट्टू कुणी म्हणायला नको.

इस्पितळात तेव्हा मेंदूच्या आजारांचा एक नवा कक्ष उघडला होता. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली तर ती विरघळवायचं औषध तिथे तयार असे. अट एकच, माणूस साडेचार तासांच्या आत आला पाहिजे. कक्षाचे प्रमुख म्हणजे मोठे डॉक्टर. शिस्तीचे, कमी बोलणारे, स्वतःचा पांढरा कोट स्वतः इस्त्री करणारे. लोकांना माहिती व्हावी म्हणून त्यांनी जातीने वेबसाइटसाठी एक पान लिहून दिलं होतं. 'पक्षाघात : कारणे, निदान व उपचार.' शब्द न् शब्द तोलून लिहिलेलं. पण तीन महिने झाले तरी ते पान कुणी उघडत नव्हतं आणि रुग्ण येत ते दुसऱ्या दिवशी, हात लुळा पडल्यावर. डॉक्टरांनी भिंगरीला बोलावून सांगितलं, "पान लोकांपर्यंत का पोचत नाही, ते शोधून काढा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भिंगरी लॅपटॉप घेऊन जिन्याखाली आली. बाईंच्या जागी तेवढा वेळ दुसरी ऑपरेटर बसली होती. दोघी कोपऱ्यातल्या बाकावर दाटीवाटीने बसल्या.

"मावशी, हे बघ. यात दोन-तीन शब्द टाकायचे. लोक इंटरनेटवर कुठला शब्द जास्त शोधतात, ते हे रेघा काढून दाखवतं. नुसते किती जण, तो आकडा नाही सांगत. सगळ्यात उंच टोकाला शंभर धरतं आणि बाकीचं त्या मानाने."

"म्हणजे पहिला आलेल्याला शंभर मार्क, आणि बाकीच्यांना त्याच्या तोंडाकडे बघून."

"अगदी तसंच. आता मी 'पक्षाघात' आणि 'लकवा' टाकते."

दोन रेघा उमटल्या. लकव्याची निळी वर, पक्षाघाताची तांबडी खाली. पण फरक काही जमीन-अस्मानाचा नव्हता, साधारण दुप्पट.

"एवढ्याने डॉक्टर ऐकायचे नाहीत," भिंगरी म्हणाली. "थांब, 'झटका' टाकून बघते." झटक्याची रेघ इतकी उंच गेली की बाकीच्या दोन्ही तळाला जाऊन झोपल्या. भिंगरी जागच्या जागी उडाली. "सापडलं! पानाला हेच नाव देऊ!"

"हळू, डोकं आपटेल," बाई म्हणाल्या. "अगं, झटका कशाकशाचा असतो? विजेचा असतो, हृदयाचा असतो, फिटचा असतो. माझ्याकडे झटका आला म्हणणारे दहातले सहा हृदयाचे निघतात. तू सगळ्यांना एकाच वॉर्डात घालणार का?"

भिंगरीने खाली लोक आणखी काय काय शोधतात ते पाहिलं. विजेचा झटका, हृदयाचा झटका, झटका बसल्यावर प्रथमोपचार. मेंदू कुठे औषधालाही नव्हता. तिचं तोंड एवढंसं झालं.

"मग तुझ्याकडे लोक काय म्हणतात?"

"म्हातारी माणसं म्हणतात, अंगावरून वारं गेलं."

भिंगरीने 'वारं' टाकलं. डोंगरच्या डोंगर उभा राहिला, पण तो निघाला हवामानाचा. उद्या वारं सुटणार का, म्हणून विचारणारे सगळे. 'अंगावरून वारं' असं पुरतं टाकलं, तर पुरेशी माहिती नाही म्हणून उत्तर आलं.

"म्हणजे असं कुणी म्हणतच नाही?" बाईंना ते काही पटेना. "परवाच एक जण म्हणाले!"

"म्हणतात, मावशी. पण मोजण्याइतके लोक ते टाइप करत नाहीत. आजोबा म्हणतात वारं गेलं, आणि नात मोबाइलवर शोधते लकवा."

बाईंना हे एकदम पटलं. फोनवर बोलणारा एक आणि आजारी दुसरा, हे त्या रोजच ऐकत होत्या. त्यांनी चष्मा लावला आणि पुन्हा पहिल्या दोन रेघांचं चित्र मागितलं, पाच वर्षांचं. बराच वेळ बघत राहिल्या.

"या तांबडीला ही शिंगं कसली गं?"

"कुठे?"

"ही बघ. वर्षातून दोनदा वर येतात. आणि त्यांच्या पुढे हे खड्डे. निळीला नाहीत ते. निळी आपली बारा महिने सारखी चालते."

भिंगरीने तारखा पाहिल्या. शिंगं दरवर्षी त्याच दोन महिन्यांत आणि खड्डे दरवर्षी त्याच्या पुढच्या महिन्यांत, एक दिवाळीच्या सुमारास, एक मे महिन्यात.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "ह्यांना सुट्टीत पक्षाघात होत नाही वाटतं?"

भिंगरी आधी हसली. मग हसता हसता थांबली. मग तिने मावशीच्या दंडाला इतक्या जोरात धरलं की बोर्डावरच्या दुसऱ्या ऑपरेटरने वळून पाहिलं. "विद्यार्थी! मावशी, हे आजारी नाहीतच! नर्सिंगची, डॉक्टरकीची मुलं आहेत ही! परीक्षेला शोधतात आणि सुट्टी लागली की सोडून देतात!"

तपासून पाहिलं, तर तसंच. पक्षाघातासोबत लोक शोधत होते पक्षाघाताची व्याख्या, पक्षाघात टिपा, पक्षाघात दहा गुणांचा प्रश्न. आणि लकव्यासोबत? लकवा आल्यावर काय करावं. लकवा किती वेळात बरा होतो. लकव्याला कुठल्या इस्पितळात न्यावं. बाईंनी ती शेवटची ओळ दोनदा वाचली. एवढी माणसं दारं ठोठावत होती, आणि इस्पितळाच्या दारावर पाटी मात्र परीक्षेच्या पेपरातली.

"रेघा झाल्या," भिंगरी म्हणाली. "पण डॉक्टर म्हणतील, ही सगळ्या जगाची माणसं झाली, आपल्याकडे येणारी काय म्हणतात? मावशी, तुझ्या वह्या दे."

बाईंनी आढेवेढे घेतले. अक्षर वाईट आहे, मध्येच भाजीची यादी आहे, शाई उडालीय. भिंगरी कसली ऐकते! दोन आठवडे ती वह्या घेऊन बसली. एका जागी टिकत नाही म्हणून जिचं नाव भिंगरी, ती दोन आठवडे खुर्चीवरून हलली नाही. उजव्या पानावर मेंदूचा आजार निघालेले चारशे बारा फोन सापडले. त्यांत पक्षाघात म्हणणारे नऊ. त्या नवांपैकी सात फोन दुसऱ्या डॉक्टरांचेच.

बैठक तिसऱ्या मजल्यावरच्या लांब टेबलाच्या खोलीत होती. मोठे डॉक्टर, कारभार बघणारे अधिकारी, दोन-चार विभागप्रमुख. भिंगरीने बाईंनाही बोलवायला लावलं होतं. बाई दाराजवळच्या खुर्चीवर टेकल्या होत्या, अर्ध्या खुर्चीवर, मांडीवर एक वही घेऊन, कधीही उठायच्या तयारीत.

भिंगरीने चित्र दाखवलं, बाईंच्या वह्यांतला हिशोब सांगितला. शिंगं आणि खड्डे समजावले तेव्हा एक-दोघे हसले. अधिकारी मात्र म्हणाले, "ते ठीक आहे. पण एवढ्या मोठ्या इस्पितळाच्या पानावर लकवा लिहायचं? शोभेल का?"

मोठे डॉक्टर हसले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "शोभण्याचं सोडा. माझा प्रश्न वेगळा आहे. बरोबर शब्द लोकांना शिकवणं हेही आपलंच काम ना? आज लकवा लिहिलं, तर पक्षाघात ते कधी शिकणार?"

प्रश्न सरळ होता आणि खरा होता. भिंगरी आपले कागद चाळायला लागली. तेव्हा दाराजवळून, सातशे माणसांच्या ओळखीचा आवाज आला.

"शिकवा की, डॉक्टर. पण घरात माणूस पडलेला असताना कोण शिकतं? तेव्हा जो शब्द तोंडात येतो तो घेऊनच माणूस धावतो. तुमचा शब्द बरोबर आहे. पण तेवीस वर्षांत त्या शब्दाने मला नऊच फोन केले, त्यांतले सात डॉक्टरांचेच."

सगळे वळून बघायला लागले. "ही शिंगं मला नाही ओळखता आली," भिंगरी घाईघाईने म्हणाली, "ती मावशीने ओळखली. म्हणजे... ऑपरेटरबाईंनी." इतक्या महिन्यांचं गुपित भर बैठकीत फुटलं आणि दोघी लाल झाल्या.

डॉक्टरांनी त्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी हात पुढे केला. "ती वही बघू."

बाईंनी वही दिली. डॉक्टर एकेक ओळ वाचत गेले. आई पदर खांद्यावर घेतेय पण तो राहतच नाही. बाबांची जीभ जड झालीय. आजी हसली की अर्धंच हसते. समोर उजव्या पानावर आजाराचं नाव. काही ठिकाणी नावापुढे आणखी एकच शब्द होता.

"हे 'उशीर' काय लिहिलंय?"

"आजार तोच निघाला, पण वेळ गेलेली होती. कुणी तेल चोळत बसले, कुणी झोपवून ठेवलं. तसं कळलं की तेवढंच लिहिते. जास्त लिहवत नाही."

डॉक्टर पानं उलटत राहिले. त्यांचं बोट प्रत्येक 'उशीर'वर क्षणभर टेकत होतं. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं, पण बोलायची छाती झाली नाही. शेवटी डॉक्टरांनी वही मिटली, दोन्ही हातांनी बाईंना परत दिली आणि भिंगरीला म्हणाले, "माझं पान काढून टाका. नवं लिहू. तुम्ही, मी आणि बाई."

"एक शंका आहे," एक विभागप्रमुख म्हणाले. "तोंड वाकडं दुसऱ्या साध्या आजारानेही होतं. उगाच गर्दी होईल."

"होऊ दे," मोठे डॉक्टर म्हणाले. "तो कुठला आजार, ते ठरवायला आपण शिकलोय ना? ते घरच्यांनी का ठरवायचं?"

नवं पान लिहायला आठ दिवस लागले. डॉक्टर लिहून आणत आणि बाई पेन्सिलीने खोडत. 'त्वरित' गेलं, 'लगेच' आलं. 'नजीकच्या रुग्णालयात दाखल करावे' गेलं, 'इस्पितळात न्या, वाट बघू नका' आलं. 'वाचादोष' बघून तर बाईंनी हात जोडले. "डॉक्टर, हे कुणाच्या घरी होत नाही हो." डॉक्टरांनी आयुष्यात एवढं खोडून घेतलं नव्हतं, पण चौथ्या दिवशी तेच विचारायला लागले, "याला तुमच्याकडे काय म्हणतात?" शेवटी पानाचं नाव ठरलं, 'लकवा : तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं? लगेच निघा.' पक्षाघात हा शब्द डॉक्टरांनी हट्टाने तिसऱ्या ओळीत ठेवला आणि बाईंनी तो आनंदाने राहू दिला. विद्यार्थ्यांनी तरी कुठे जायचं?

पहिल्या महिन्यात पान दहापट लोकांनी उघडलं. भिंगरी रोज आकडे आणून दाखवी. बाई मान डोलावत, पण त्यांचा आकड्यांवर तितका जीव नव्हता. त्या फोनची वाट बघत होत्या.

तो फोन एका सकाळी दहाच्या सुमारास आला. तरुण बाईचा आवाज, धापा टाकणारा, पण शब्द स्वच्छ. "माझ्या सासूबाई. हसायला सांगितलं तर अर्ध्याच हसल्या. दोन्ही हात वर करायला सांगितले, एकच वर झाला. तुमच्या पानावर लिहिलंय लगेच निघा, तर आम्ही गाडीत आहोत. कुठल्या दाराने येऊ?"

बाईंचा आवाज हलला नाही. "मागचं दार, उतारावरचं. कधी सुरू झालं?"

"नऊ वीसला. चहा सांडला तेव्हा मी घड्याळ बघून ठेवलं. पानावर तसंही लिहिलंय."

बाईंनी मेंदूचा कक्ष जोडला, वेळ सांगितली, दार सांगितलं. बाकीचे फोन येत राहिले. त्या जोडत राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत उठून वॉर्डात जायचा त्यांना धीर झाला नाही. डबा तसाच राहिला.

चार वाजता बोर्डावर आतला दिवा लागला. मोठे डॉक्टर स्वतः बोलत होते. तेवीस वर्षांत त्यांनी असा फोन कधी केला नव्हता.

"बाई, त्या सासूबाई बोलायला लागल्या."

"काय म्हणतायत?"

"सुनेला रागावतायत. गॅसवर दूध तसंच ठेवून आली म्हणून. उजव्या हाताचं बोट नाचवून नाचवून रागावतायत."

बाई हसल्या. मग हेडफोन काढून त्यांनी दोन मिनिटं डोळ्यांवर हात ठेवला. पुढचा फोन दुसऱ्या ऑपरेटरने घेतला.

वर्षभरात चित्र पालटलं. आधी लकव्याच्या दहा रुग्णांतले दोन वेळेत पोचत, आता पाच-सहा पोचायला लागले. भिंगरीचा करार संपला तेव्हा डॉक्टरांनी स्वतः अर्ज लिहून तिला कायम करून घेतलं. मावशी-भाचीच्या नात्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. उलट, डोळ्यांचा विभाग, त्वचेचा विभाग, मुलांचा विभाग, सगळे आपापली पानं घेऊन जिन्याखाली यायला लागले आणि एकेक करून डोकं आपटून घ्यायला लागले.

मग बाहेरून पत्र आलं. दुसऱ्या इस्पितळांच्या ऑपरेटरांना हे काम शिकायचं होतं. चाळीस जणी आल्या. जिन्याखाली चार माणसं मावायची मारामार, म्हणून मोठं सभागृह दिलं. आयुष्यभर लोकांच्या कानात बोललेल्या बाई पहिल्यांदा माणसांसमोर उभ्या राहणार होत्या. सकाळपासून त्या तीनदा पाणी प्यायल्या आणि चारदा त्यांनी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या.

आधी भिंगरी बोलली. पडद्यावर रेघा लावल्या, शंभराचा हिशोब सांगितला. नुसती उंच रेघ बघून भुलू नका, शब्द एकच असला तरी विचारणारे वेगळे असतात, रेघ नाही म्हणजे माणूस नाही असं समजू नका, हे सगळं तिने न अडखळता समजावलं. बाई पहिल्या रांगेतून तिच्याकडे बघत होत्या. लहानपणी हिला दोन मिनिटं वेणी घालायला बसवताना नाकीनऊ यायचे. आता चाळीस बायका हिचा एकेक शब्द उतरवून घेत होत्या. बाईंचा ऊर असा भरून आला की आपल्याला नंतर बोलायचंय, हेच त्या विसरल्या.

"आता ज्यांच्याकडून हे मी शिकले, त्या बोलतील," भिंगरी म्हणाली. कागदावर 'दूरध्वनी विभागाच्या वरिष्ठ परिचालिका' असं छापलेलं होतं. तिने कागद घडी करून खिशात टाकला. "ही माझी मावशी."

सभागृहात टाळ्या वाजल्या. मोठे डॉक्टर मागच्या दाराशी उभे होते, तेही वाजवत होते. बाई माइकपाशी गेल्या. माइक त्यांच्या उंचीला फार वर होता. त्यांनी तो सवयीच्या हाताने खाली ओढला आणि तोंडाशी आणला.

"मी तुम्हाला काय शिकवणार?" त्या म्हणाल्या. आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला. "आपण सगळ्याच रोज ऐकतो. तुम्ही ऐकलंय ते काही कमी नाही, ही गोष्ट मात्र आज घरी घेऊन जा. तर मला आधी सांगा, तुमच्याकडे लकव्याला लोक काय काय म्हणतात?"

मधल्या रांगेतून एक हात वर झाला, मग दुसरा, मग सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. भिंगरीला लिहून घेता घेता पुरेवाट झाली.